तंबोऱ्याला कान लावून: मिरज ते कुंदगोळ

दिवस पहिला: पुणे ते मिरज

डिसेंबरात मामांचा फोन आला, "यंदा सवाईला येत नाही." सवाई म्हणजे पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव. मला वाटलं गुडघे असतील. "गुडघे ठीक आहेत गं, कान गेले," ते म्हणाले. साताऱ्याहून दर वर्षी वळकटी, कानटोपी आणि मामीने बांधून दिलेल्या दशम्या घेऊन येणारा हा माणूस. आता कानाला यंत्र लावलंय. माणसांचं बोलणं त्यातून बऱ्यापैकी कळतं, पण गाणं लावलं की गवय्या वरच्या षड्जाला गेला रे गेला, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं होतं. "गाणं कुणीतरी भलत्यानेच म्हटलंय असं वाटतं," म्हणाले, आणि फोनवर पुढे काही बोललेच नाहीत.

त्यातून ही सहल ठरली. मिरज, धारवाड, हुबळी, कुंदगोळ. ज्यांचं गाणं मामांनी पन्नास वर्षं ऐकलं, त्यांच्या गावांना एकदा जाऊन यायचं. जानेवारीतले चार दिवस काढले. मी आणि मास्तर पुण्याला गाडीत बसलो, मामा-मामी साताऱ्याला चढले. मास्तर म्हणजे मामांचे शाळेपासूनचे मित्र. पेटी शिकवतात, म्हणून गावभर मास्तरच.

विषय त्यांनीच काढला, रहिमतपूरच्या आसपास. "आयुष्यात ऐकलेली सगळ्यात चांगली मैफल कोणती? प्रत्येकाने एकच सांगायची." एकच सांगायची म्हटल्यावर डब्यातले शेजारचे दोघेही सरसावून बसले. गाण्याच्या माणसांचं हे असंच असतं.

मास्तरांचं उत्तर तयार होतं. रमणबाग, रात्रभराच्या सत्रांचे दिवस, आणि शेवटी पहाटे भीमसेन जोशी. शनिवार पेठेतलं न्यू इंग्लिश स्कूलचं ते पटांगण, खाली सतरंज्या, अंगावर शाली, चहाच्या स्टॉलभोवती वाफ. "पण मी गाणं वेगळं ऐकलंच नाही," मास्तर म्हणाले, "मी पेटीवरच्या आप्पा जळगावकरांच्या बोटांकडे बघत होतो. भीमसेनांची तान निघाली की आप्पा तिच्यामागे सावलीसारखे. पुढे नाही, फार मागेही नाही. घरी आलो, पेटीला आठ दिवस हात लावला नाही." हे सांगताना त्यांची बोटं मांडीवर चालत होती.

सवाई गंधर्व १९५२ च्या सप्टेंबरात पुण्यात गेले आणि १९५३ पासून भीमसेनांनी आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फे गुरूंची पुण्यतिथी सुरू केली, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण या उत्सवाचा आवाज काय होता, ते रात्रीची सत्रं ऐकलेल्यांनाच ठाऊक. पुढे ध्वनिक्षेपकाचे नियम कडक झाले आणि पहाट गेली. नंतर मैदानही बदललं, उत्सव मुकुंदनगरला आला. गाणं चांगलं होतंच, आजही होतं. पण तोडी या सकाळच्या रागाची वेळ झाल्यावर, खरोखर उजाडत असताना तोडी ऐकणं आमच्या पिढीच्या हाती लागलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

माझी मैफल २००७ सालची. भीमसेन ८५ वर्षांचे होते. तब्येत पाहता ते गातील असं कुणी धरून चाललं नव्हतं. ते व्यासपीठावर आले आणि मंडप उभा राहिला. आवाज थकलेला होता, श्वास कमी पडत होता, पण षड्ज लागला तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात घट्ट धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. त्यानंतर सवाईत त्यांचं गाणं झालं नाही. २४ जानेवारी २०११ ला ते गेले.

मामी खिडकीबाहेर बघत होती. तिच्या वाट्याला सवाई फार आलंच नाही. मुलं, सासूबाई, चुलीजवळची कामं. "मी एकदाच गेले शेवटच्या दिवशी," ती म्हणाली, "भीमसेन गेल्यानंतर. त्यांच्या जागी शेवटाला प्रभाताई अत्रे बसल्या. एवढ्या मोठ्या उत्सवाचा शेवट एका बाईच्या गळ्याने झाला. मी घरी आले ती ताठ मानेनं."

"आणि मामा, तुमची?"

मामांना ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असेल. किर्लोस्करवाडी आली, चहावाला आला, आणि तो विषय तिथेच राहिला. मिरजेला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

दिवस दुसरा: मिरज

मिरजेला मी आजवर फक्त गाडी बदलायला आले होते. या गावाचा गाण्याशी केवढा संबंध आहे, ते पायी फिरल्यावर कळतं. डोळ्यांना इजा झालेले विष्णु दिगंबर पलुस्कर उपचारासाठी इथे आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. बालगंधर्वांनी पहिल्यांदा रंगभूमीवर पाऊल टाकलं तेही इथेच, १९०५ साली. विनायकबुवा पटवर्धन मूळचे इथलेच. हिराबाई बडोदेकरांचा जन्म इथला.

सकाळी आधी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. आवारात सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर आहे. उरुसाला दर वर्षी इथे मोठमोठे गवई येऊन हजेरी लावतात. बिदागीचा हिशेब न करता गायचं, अशी इथली रीत. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. एक म्हातारबाबा झाडू मारत होते, कबुतरं होती, कुणीतरी लावलेल्या उदबत्तीचा वास होता.

खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ ला गेले. मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले आणि फलाटावरच त्यांचा अंत झाला. तिथून त्यांना मिरजेला आणलं. मामी कबरीपाशी बराच वेळ हात जोडून उभी होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "प्रभाताईंचे गुरू सुरेशबाबू आणि हिराबाई. ती दोघं यांची मुलं. म्हणजे त्या रात्री मी ऐकलं, ते इथूनच आलं होतं की नाही?" मी होय म्हटलं. तिने पर्समधून काढून दहाची नोट पेटीत टाकली, मग परत उघडून पन्नासाची टाकली.

तिथून सतारमेकर गल्ली. मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम सरलं आणि फरीदसाहेबांनी वाद्यं घडवायला घेतली. आज त्यांच्या वंशातल्या आणि हाताखाली तयार झालेल्या घरांनी ही कला धरून ठेवली आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत शिरताच लाकडाच्या भुशाचा आणि लाखेचा वास येतो. दारांतून माळ्यापर्यंत भोपळे रचलेले. हे भोपळे खायचे नव्हेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे, भीमेच्या काठी, ते मुद्दाम वाद्यांसाठी पिकवतात. पुरेसा मोठा, गोल, जाड सालीचा भोपळा निवडून कित्येक महिने वाळवायचा, मग कापायचा.

एका कारखान्यात आम्ही बसलो. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली. कारागीर पन्नाशीचे, आणि त्यांचा मुलगा. समोर पुरुषी तंबोरा आडवा ठेवलेला आणि त्याची जवारी काढणं चाललेलं. हे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. तारा घोडीवरून, म्हणजे त्यांना टेकू देणाऱ्या पट्टीवरून, जातात, आणि घोडीचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतार असतो. त्या उतारावर तार टेकते, सुटते, टेकते, सुटते, आणि त्यातून तो गुंजारव निघतो. उतार कानशीने काढायचा. दोनदा घासायचं, तार चढवायची, छेडायची, कान द्यायचा, तार उतरवायची, परत दोनदा घासायचं. मोजमाप नाही, यंत्र नाही. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा. धागा केसभर पुढे सरकला की नाद बंद, केसभर मागे घेतला की खोलीभर उजेड पडल्यासारखा सूर उघडतो.

मास्तर तर लहान मुलासारखे गुडघ्यावर बसले होते. मामी आणि मी भिंतीला टेकून. मामा दाराशी स्टुलावर, एक हात कानामागे. तंबोरा उघडला तसं त्यांच्या यंत्राने शीळ घातली. त्यांनी तोंड वाकडं केलं, यंत्र काढून खिशात टाकलं आणि जमिनीकडे बघत बसले. त्यांना आता काहीच ऐकू येत नव्हतं आणि हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

कारागिरांनी ते पाहिलं. काही न बोलता तंबोरा उचलला, मामांच्या मांडीवर उभा टेकवला, आणि त्यांचं डोकं हाताने धरून कानामागचं हाड दांडीला लावलं, भोपळ्याच्या जरा वर. मग मुलाला म्हणाले, "छेड."

पंचम. जोडीच्या तारा. खर्ज. पंचम. जोडीच्या तारा. खर्ज.

मामांचे डोळे मिटले. हात आपोआप भोपळ्याभोवती गेले. मी त्यांच्याकडे बघत होते. आधी काहीच झालं नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीला त्यांची हनुवटी थरथरली. पाच मिनिटं असेल, दहा असेल, मुलगा छेडत राहिला, गल्लीतून एक रिक्षा गेली, मामा हलले नाहीत. मग डोळे न उघडताच बोलले, मोठ्याने, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं:

"हीच. तू गाडीत विचारलंस ना? हीच माझी मैफल. गवई अजून आलेला नाही, पडद्यामागे दोन तंबोरे लागतायत. लोक बोलतायत, चहा पितायत, कुणाचं लक्ष नाही. आणि एकदम दोन्ही तंबोरे एक होतात. सगळं पटांगण गप्प होतं. अजून कुणी गायलेलं नाही. मी त्याच्यासाठी यायचो गं. पुढचं सगळं गाणं नंतर."

मामी म्हणाली, "पन्नास वर्षं कधी बोलला नाहीत." ते त्यांना अर्थातच ऐकू गेलं नाही.

कारागिरांना पैसे विचारले तर रागावले. मास्तरांनी सुताचं एक रीळ आणि तारांचा जोड विकत घेतला, तेवढंच. दुपारी जेवताना मामा पोळी कुस्करत म्हणाले, कानाने ऐकलं ते वेगळं, हाडाने ऐकलं ते वेगळं, पण गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच सूर खरा वाटला. यंत्र वाईट नाही, ते बोलण्यासाठी बनवलंय, गाण्यासाठी नाही, हेही त्यांनीच समजावून सांगितलं. मनाने ते पुष्कळ हलके झाले होते. संध्याकाळी खोलीवर मास्तरांना म्हणाले, "पेटी आणली नाहीत, तेवढं चुकलं."

दिवस तिसरा: धारवाड

बेळगाव, लोंढा, अळणावर. खिडकीतून हिरवं दिसत राहिलं, मग काळी माती सुरू झाली. दिवसाचा मोठा भाग प्रवासात गेला आणि त्यातला बराचसा मामा झोपले.

एकाच जिल्ह्यात एवढं गाणं का पिकलं, यावर मास्तरांचं मत असं की पुणे-मुंबईहून म्हैसूर दरबाराकडे जाणारे गवई वाटेत इथे थांबायचे, अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे तर मुक्कामच करायचे. त्यात नाटक कंपन्यांचा राबता. आणि ऐकणारे रसिक घरोघर. मला हे पटतं. बियाणं कुठूनही येईल, माती इथली होती. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू, भीमसेन जोशी, आणि बेळगावकडे सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व. सगळे या टापूतले.

मन्सूरअण्णांच्या ‘मृत्युंजय’ या घरापर्यंत पोचायला आम्हाला उशीर झाला, कारण लाइन बझारात पेढ्यांसाठी थांबलो. धारवाडी पेढा खरपूस तपकिरी, पिठीसाखरेत घोळलेला, आणि मामीचा आग्रह होता. त्यामुळे घर बाहेरूनच पाहिलं. आता ते स्मारक आहे. फाटकापाशी उभं राहून मामांनी अण्णांचं सगळं सांगितलं. बारीक अंगकाठी, धोतर, पांढरी टोपी, हातात विडी. आधी मिरजेचे नीळकंठबुवा गुरू, म्हणजे कालच्याच गावचे. मग अल्लादियाखाँचे चिरंजीव मंजीखाँ, ते १९३७ साली गेल्यावर धाकटे बुर्जीखाँ. दुर्मिळ रागांचं केवढं भांडार. "ते आले की राग कोणता हे ओळखण्यात आमचा अर्धा वेळ जायचा आणि राग ओळखू आला की वाटायचं, न ओळखताच बरं होतं. एकेक आवर्तन असं भरायचे की समेला आपलीच मान पडायची." मामा तिथे फाटकाला हात लावून उभे राहिले आणि मान खरंच पाडून दाखवली.

१२ सप्टेंबरला सवाई गंधर्व गेले, १९५२ साली. बरोबर चाळीस वर्षांनी, १९९२ च्या १२ सप्टेंबरलाच, मन्सूरअण्णा. ही तारीख मास्तरांच्या लक्षात होती.

रात्री हुबळीत मुक्काम. जोळद रोटी, एण्णगाय, शेंगदाण्याची चटणी. सगळे लवकर झोपलो.

दिवस चौथा: कुंदगोळ

हुबळीहून पॅसेंजरने कुंदगोळ वीसेक किलोमीटर. मुद्दाम रेल्वेनेच गेलो, कारण गंगूबाई याच मार्गाने यायच्या. हुबळीतलं घर, मूल, संसार सांभाळून गाडी पकडायची, सवाई गंधर्वांकडे शिकायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. गुरुजी एकच पलटा, म्हणजे स्वरांची एकच फिरत, कित्येक दिवस घोटून घ्यायचे. दुसरा मागायची सोय नव्हती. पुढचं स्टेशन सौंशी. सवाई गंधर्व म्हणजे रामचंद्र गणेश सौंशी, आडनाव त्या गावाचं. आणि सगळ्यांना माहीत असलेलं नाव कुंदगोळकर. गाडीत दोन स्टेशनांत त्यांची दोन्ही नावं येतात, हे मला फार आवडलं.

गाव लहान. कापूस, मिरची, ट्रॅक्टर, भर रस्त्यात उन्हाला पसरलेलं धान्य. नाडगीर वाडा विचारल्यावर एका पोराने सायकल उलटी फिरवली आणि आमच्या पुढे चालू लागला. याच नाडगीरांकडे रामभाऊंचे, म्हणजे सवाई गंधर्वांचे, वडील कामाला होते. याच वाड्यात अब्दुल करीम खाँसाहेब उतरायचे. त्यांचं गाणं ऐकून हा मुलगा त्यांच्यामागे लागला. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ या वाड्यातही दर वर्षी गाणं होतं, रात्रभर, पुण्यात पूर्वी व्हायचं तसं. जुने लाकडी खांब, थंड जमीन. मामांनी चपला काढल्या आणि सरळ खाली मांडी घातली. गुडघ्यांचं काय ते नंतर बघू म्हणाले.

मास्तरांनी कानडीत बोलून घेतलं, त्यांना जुजबी येतं. पाणी आलं, मग चहा आला. आम्ही फारसं बोललो नाही. मी इथल्या पोरसवदा भीमसेनचा विचार करत होते. गदगहून घर सोडून पळालेला, ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर करत गुरू शोधत हिंडलेला, आणि गुरू सापडला तो घराजवळ, इथे. गुरूच्या घरी घागरी भरून पाणी वाहायचं आणि गाणं कानावर पडेल तेव्हा उचलायचं. रमणबागेत मंडप उभा राहायचा त्या आवाजाची सुरुवात या गल्ल्यांत पाणी भरण्यापासून झाली.

वाड्याबाहेर पडलो तेव्हा उन्हं उतरली होती. मामांनी रिक्षाला नकार दिला, स्टेशनपर्यंत चालणार म्हणाले. कारण मला ठाऊक होतं. त्यांनीच लहानपणी सांगितलेली गोष्ट आहे, गंगूबाईंनी सांगून ठेवलेली. शिकवणी झाली की गंगूबाईंना स्टेशनवर पोचवायला भीमसेन बरोबर चालत यायचे आणि वाटेत विचारायचे, आज गुरुजींनी काय शिकवलं.

आम्ही सावकाश चालत होतो. मामी-मास्तर पुढे, मी आणि मामा मागे. एका कौलारू घराच्या ओट्याजवळून जाताना आतून सूर आला. कुणीतरी मुलगी रियाज करत होती, शाळेतल्या वयाची. मोबाइलवरचा तंबोरा लावलेला होता. मी थबकले तसे मामाही थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या दाराकडे. यंत्र खिशात होतं. काढायला हात गेला आणि तिथेच राहिला.

थोडं पुढे आल्यावर त्यांनी विचारलं, "काय गात होती?"

मी त्यांच्या उजव्या कानाजवळ तोंड नेलं, तो जरा बरा आहे. "सा लावत होती, मामा. नुसता सा. मग खाली नी, आणि परत सा."

"श्वास पुरत होता?"

"पहिल्यांदा नाही पुरला. दुसऱ्यांदा पुरला."

"आणि मग?"

"मग परत तेच."

स्टेशन दिसायला लागलं होतं. मास्तर तिकिटं काढायला खिडकीकडे गेले. मामा माझा हात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "परत सांग. पहिल्यापासून, सावकाश." मी सांगायला सुरुवात केली.